धनुष्य, तलवार, सायकल, दोर: खेळाचं सामान विमानतळाच्या तपासणीतून कसं नेता?

रिकर्व्हची_आई

मंडळी, लेक रिकर्व्ह तिरंदाजी करते. स्पर्धेसाठी आम्ही दोघी विमानानं जातो-येतो. गेल्या खेपेला सुरक्षा तपासणीत जे झालं ते अजून मनातून जात नाही, म्हणून हा धागा.

रायझर म्हणजे धनुष्याचा मुठीचा मधला भाग, लिंब म्हणजे त्याला वर-खाली जोडायच्या दोन लवचीक पात्या, आणि बाण आम्ही नेहमी चेक-इनच्या पेटीत देतो. त्यावरून कधी वाद झाला नाही. साइट (नेम धरायचं उपकरण) आणि लांब स्टॅबिलायझर (धनुष्य स्थिर ठेवणारी दांडी) मात्र मी एका कापडात गुंडाळून केबिन बॅगेत घेतले होते. साइटवर तिच्या वर्षभराच्या खुणा आहेत. ती एक मिलिमीटर सरकली तर ७० मीटरवर बाण सात-आठ सेंटिमीटरनं हलतो, म्हणजे निशाणावरचं अख्खं एक वर्तुळ. पेटी कुठे कशी आपटेल याचा भरवसा नाही, म्हणून ही नाजूक जोडी आपल्या हातात बरी, असा माझा हिशेब.

बॅग पट्ट्यावर थांबली, मागे गेली, पुन्हा पुढे आली, आणि मग बाजूच्या स्टीलच्या टेबलावर. अधिकाऱ्यांनी स्टॅबिलायझर बाहेर काढला. टोकाची वजनं फिरवून सोडवली, कार्बनच्या नळीला डोळा लावून पाहिलं, मग दोन्ही हातांत धरून काठीसारखा तोलून बघितला. मला तेव्हाच कळलं. त्यांनी आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, "मॅडम, यानं कुणाला मारता येईल की नाही?" येईल, हेच खरं उत्तर होतं.

विमान सुटायला चाळीस मिनिटं होती. धावत परत चेक-इनला. कुणीतरी दिलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात माझं जाकीट गुंडाळून दोन्ही वस्तू दिल्या. पोचल्या, पण साइटचा आडवा दांडा किंचित वाकला होता. लेकीनं पहिला दिवस उसन्या साइटवर काढला. ती काही बोलली नाही, आणि त्याचंच मला जास्त लागलं.

तुमच्या खेळात काय हातात नेता, काय चेक-इनला देता? कुठे अडलात? परवानगी आधी कुणाची घेता? सविस्तर लिहा, कृपया.

काउंटरपलीकडून

ताई, वाचून वाईट वाटलं. मी बरीच वर्षं चेक-इन काउंटरवर काढली आहेत आणि सुरक्षेकडून परत आलेले, घामाघूम झालेले खेळाडू खूप पाहिलेत. म्हणून जरा लांबण लावते.

खेळाचं सामान तीन वेगळ्या चाळण्यांतून जातं आणि प्रत्येकीचं मोजमाप निराळं आहे. लोक एकीकडून "चालतं" ऐकतात आणि तिन्ही पार झाल्या असं धरून चालतात. बहुतेक घोळ इथेच होतो.

पहिली चाळणी सुरक्षेची. तिचा प्रश्न एकच: केबिनमध्ये हे शस्त्र म्हणून वापरता येईल का? बॅट, गोल्फ क्लब, धनुष्य, बाण, तलवार, डार्ट हे सगळं इथे अडतं आणि चेक-इनला जातं. पण देशागणिक यादी बदलते. ब्रिटनच्या सरकारी यादीत टेनिस रॅकेट आणि स्नूकरची क्यू हातात नेता येते, क्रिकेट बॅट आणि चालण्याच्या काठ्या नाहीत. अमेरिकेत तीच क्यू हातात चालत नाही. तिथल्या टीएसए या विमानतळ सुरक्षा संस्थेनं मार्च २०१३ मध्ये हॉकी स्टिक, गोल्फ क्लब, छोटे चाकू केबिनमध्ये सोडायचं जाहीर केलं होतं. विमानातल्या कर्मचाऱ्यांनी कडाडून विरोध केला आणि जूनमध्ये तो निर्णय मागे घेतला गेला. तेव्हा "मागच्या वेळी सोडलं होतं" हे तपासणीच्या टेबलावर उपयोगाचं नाही. यादीत नाव नसलेल्या वस्तूबद्दल समोरचा अधिकारी ठरवतो. तुमचा स्टॅबिलायझर नेमका त्यातला.

दुसरी चाळणी धोकादायक मालाची: बॅटऱ्या, गॅसचे सिलिंडर, काडतुसं, इंधन. हे नियम आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या सूचनांवर बेतलेले आहेत, त्यामुळे जगभर बरेचसे सारखे. इथे कुणाच्या नजरेवर काही नसतं, आकडे असतात. काही वस्तूंना "विमान कंपनीच्या पूर्वपरवानगीनं" अशी अट असते. ती परवानगी काउंटरवर तोंडी मिळत नाही. आम्हाला ती देण्याचा अधिकारच नसतो.

तिसरी चाळणी कंपनीची स्वतःची: लांबी, वजन, आणि त्या मार्गावर उडणारं विमान. मोठ्या विमानात सहज गेलेली पेटी पुढच्या टप्प्यावरच्या छोट्या पंख्याच्या विमानात दारातून आत जात नाही. तिकीट एका कंपनीचं आणि विमान दुसरीचं असेल तर जी प्रत्यक्ष उडवते तिला विचारा.

हे सगळं तिकीट काढल्या-काढल्या ईमेलनं विचारा आणि आरक्षणात नोंद करून घ्या. आमच्या पडद्यावर खेळाच्या सामानासाठी एसपीईक्यू, सायकलसाठी बाइक, शस्त्रासाठी डब्ल्यूईएपी अशा खुणा दिसतात. ती खूण आणि तिच्यापुढे "मंजूर" दिसलं की काउंटरवरच्या माणसाला कुणाला फोन करावा लागत नाही. तुमची पंधरा-वीस मिनिटं तिथेच वाचतात. ईमेलची छापील प्रतही जवळ ठेवा. फोनची बॅटरी नेमकी तेव्हाच जाते.

एपेवाली

माहितीपूर्ण प्रतिसाद. आमच्या फेन्सिंगमध्ये शस्त्रं चेक-इनला देण्यावरून वाद नसतोच. बोथट असली तरी ती तलवारच. एपे ही माझी तलवार टोकापासून मुठीपर्यंत ११० सेंटिमीटर, त्यामुळे साध्या सूटकेसमध्ये मावत नाही, लांब बॅग लागते आणि ती जास्त मापाच्या सामानाच्या वेगळ्या पट्ट्यावर द्यावी लागते. तो पट्टा बहुतेक ठिकाणी मुख्य काउंटरपासून दूर असतो आणि तिथेही रांग असते. ती वेळ धरून निघा.

मी मास्क, बूट, हातमोजा आणि गणवेश हातात नेते. शस्त्रं उशिरा आली तर संघातल्या कुणाची तरी उसनी मिळतात. आपल्या मापाचा मास्क आणि बूट मिळत नाहीत.

फॉइल किंवा सेबर या दुसऱ्या दोन तलवारी खेळणाऱ्यांसाठी एक सांगते. धातूच्या धाग्यांचं जाकीट आणि त्याच बॅगेत गुंडाळलेल्या बॉडी वायरी, दोन्ही टोकांना प्लग. हे स्कॅनरच्या पडद्यावर कसं दिसत असेल याचा विचार करा. एकदा माझी बॅग तीन वेळा आत-बाहेर गेली. आता सगळ्या वायरी एका पारदर्शक पिशवीत वरच ठेवते आणि ट्रेमध्ये वेगळ्या काढून देते. तेव्हापासून कुणी काही विचारलेलं नाही.

आणि बोलताना शब्द जपून. आम्ही आपसात सर्रास "वेपन" म्हणतो, स्पर्धेत वेपन कंट्रोल, म्हणजे शस्त्रांची तपासणी, असतं. तपासणीच्या रांगेत मैत्रिणीला हाक मारून "तुझं वेपन कुठल्या बॅगेत आहे गं?" असं विचारलेलं मी ऐकलंय, आणि त्यानंतरचा पाऊण तासही पाहिलाय. खेळाचं नाव आधी घ्या, मग वस्तूचं.

दहा_मीटर

एपेवाली, तुमचं पटलं, पण आम्हा नेमबाजांचं उलट आहे. आम्हाला काउंटरवर पहिल्याच वाक्यात स्पष्ट सांगावं लागतं: पेटीत रायफल आहे, रिकामी आहे, हा परवाना, ही कंपनीची मंजुरी. इथे आडवळणानं बोलणारा माणूसच संशयात येतो.

शस्त्र रिकामं, कडक कवचाच्या कुलूपबंद पेटीत, चेक-इनला. काडतुसं वेगळी आणि माणशी एकूण ५ किलोपर्यंत. हे वजन वेष्टनासकट आहे. दोघांचा वाटा एका पेटीत १० किलो म्हणून नेता येत नाही, आमच्या संघात हा घोळ झालेला आहे. अमेरिकेत त्या पेटीची किल्ली फक्त प्रवाशाकडेच असली पाहिजे असा नियम आहे, म्हणून पेटीची तपासणी पूर्ण होईपर्यंत काउंटरच्या आसपासच थांबा. युरोपीय संघात एका देशातून दुसऱ्यात शस्त्र नेताना युरोपियन फायरआर्म्स पास लागतो. आणि मध्ये विमान बदलत असाल तर त्या मधल्या देशाची परवानगी लागते का हेही आधीच पाहा, पेटी तुमच्या हातात येणार नसली तरी.

एअर रायफलवाल्यांसाठी खास: हवेचा सिलिंडर. भरलेला २०० किंवा ३०० बार दाबाचा असतो, आणि भरलेला अजिबात चालत नाही. पूर्ण रिकामा करून रायफलपासून सोडवून ठेवा, दाबमापकाचा काटा शून्यावर दिसला पाहिजे. मी तो पेटीत सगळ्यात वर ठेवतो. रेंजवर पोचल्यावर भरून मिळतो, त्यामुळे रिकामा नेण्यात काहीच तोटा नाही.

शेवटचं, हे फार कमी लोक सांगतात. काडतुसं वापरून नेमबाजी करत असाल तर त्या सरावाची बॅग केबिन बॅग म्हणून वापरू नका. कापडात बारूदीचे कण राहतात. तपासणीत जी पट्टी बॅगेवर आणि हातांवर फिरवून यंत्रात घालतात, ते यंत्र हेच कण शोधतं. जॅकेट, हातमोजे, टोपी सगळं चेक-इनला द्या, आणि प्रवासाच्या दिवशी धुतलेले कपडे.

दोर_आणि_कडा

प्रस्तरारोहणाबद्दल. दोर आणि हार्नेस मी नेहमी हातात नेतो. ज्यावर जीव टांगायचा तो नायलॉनचा दोर सामानाच्या गाड्यांवर कशाकशाच्या शेजारी पडेल आणि त्यावर काय सांडेल हे मला कळणार नाही. आम्लाचा डाग दोरावर कधीकधी दिसतसुद्धा नाही. आजवर एकदाच दोर अडवला गेला आणि वरिष्ठांना बोलावल्यावर सुटला. पण त्यांनी नाही म्हटलं असतं तर देता यावा म्हणून घडीची एक मजबूत पिशवी सोबत ठेवतो.

कॅराबिनर (दोर अडकवायच्या धातूच्या कड्या) आणि कॅम (खडकाच्या भेगेत बसवायची साधनं) एकावर एक रचले की पडद्यावर काळा गोळा दिसतो, आतलं काही कळत नाही, आणि बॅग हमखास उघडतात. ट्रेमध्ये एका थरात पसरून द्या. बर्फाची कुऱ्हाड टोकांना टोपणं घालून चेक-इनला.

खडूची पूड: अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानांत २०१८ पासून ३५० मिलिलिटरपेक्षा जास्त पूड केबिनमध्ये नेली तर तिची वेगळी तपासणी होते, आणि समाधान झालं नाही तर ती टाकून द्यावी लागते. ऑस्ट्रेलियातून बाहेरदेशी उडतानाही असेंद्रिय पुडीवर तेवढीच मर्यादा आहे, आणि आपली मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड त्यातच मोडते. सरळ चेक-इनला द्या. पांढरी पूड घेऊन रांगेत उभं राहण्यात काही मिळवायचं नाही.

स्टोव्ह नेणाऱ्यांनो, गॅसची डबी कुठेच चालत नाही, अर्धी वापरलेली किंवा जवळजवळ संपलेलीही नाही. द्रव इंधनाचा स्टोव्ह कंपनीच्या परवानगीनं नेता येतो, पण टाकी किमान एक तास निथळून मग किमान सहा तास उघडी ठेवायची, वाफ पूर्ण जाईपर्यंत. आदल्या रात्रीच करून ठेवा.

निळ्या_तळाशी

स्कूबावाल्यांची डोकेदुखी म्हणजे दिवे. बॅटरीचा हिशेब स्वतः करायला शिका: व्होल्ट गुणिले अँपिअर-तास म्हणजे वॉट-तास. माझ्या दिव्याची बॅटरी १०.८ व्होल्ट, ६.८ अँपिअर-तास, म्हणजे साधारण ७३. १०० पर्यंत सहसा अडचण नाही. १०० ते १६० ला कंपनीची परवानगी लागते आणि सुट्या जास्तीत जास्त दोनच. १६० च्या वर प्रवासी सामानात नाहीच. सुटी बॅटरी कधीही चेक-इनला देऊ नका, ती केबिनमध्येच. टोकांवर चिकटपट्टी लावलेली, प्रत्येक बॅटरी वेगळ्या पिशवीत. कारण साधं आहे: केबिनमध्ये धूर निघाला तर कुणाला तरी दिसतो.

पाण्याखालचे मोठे दिवे फार तापतात. पाण्याबाहेर चुकून चालू झाले तर आग लागू शकते, म्हणून त्यांनाही परवानगी लागते आणि बॅटरी काढून वेगळी ठेवावी लागते. माझ्या ओळखीतल्या एकाची बॅटरी जुनी होती, वरचा छाप पुसला गेलेला. आकडा वाचता येईना म्हणून ती तिथेच सोडावी लागली. छापाचा फोटो आणि उत्पादकाचा माहितीचा कागद जवळ ठेवा.

रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडापर्यंत आणणारं उपकरण) हातात, सुरी चेक-इनला, टाकी शक्यतो नेऊच नका. न्यायचीच असेल तर झडप पूर्ण काढलेली, आतलं दिसेल अशी.

दोन_चाकं

वर बॅटऱ्यांचं आलंच आहे. इलेक्ट्रॉनिक गिअरची बॅटरी ७.४ व्होल्ट, ५०० मिलिअँपिअर-तास, म्हणजे जेमतेम ३.७ वॉट-तास. मापाचा प्रश्न नाही, पण गिअरचं बटण पेटीत दाबलं जाऊन मोटर फिरत राहते. जोडणी सोडवून ठेवा. विजेवर चालणाऱ्या सायकलची बॅटरी मात्र ३६ व्होल्ट, १४ अँपिअर-तास धरली तर ५०४ वॉट-तास. ती विमानात येत नाही. नुसती सायकल न्या आणि बॅटरी तिकडे भाड्यानं मिळते का पाहा.

हवा भरायच्या सीओटू नळ्या कंपनीच्या परवानगीनं माणशी चारपर्यंत, प्रत्येकी ५० मिलिलिटर क्षमतेच्या आत. पण काही देशांत लाइफ जॅकेटमधल्या सोडून बाकी सोडतच नाहीत. मी नेणं बंद केलंय, छोटा पंप नेतो.

टायरमधली हवा काढायला लावतात त्याचं मला पटत नाही. सामानाचा कप्पाही केबिनसारखाच दाब राखलेला असतो, साधारण २४०० मीटर उंचीवर असतो तेवढा. म्हणजे बाहेरचा दाब पाव बारनं कमी होतो. ७ बारचा टायर ७.२५ चा होईल. त्यानं काही फुटत नाही.

काउंटरपलीकडून

दादा, गणित बरोबर आहे. तरीही हवा काढा. बऱ्याच कंपन्यांच्या अटींत तसं लिहिलेलं असतं आणि काउंटरवरची मुलगी ती अट बदलू शकत नाही. मागे रांग असताना हा वाद मी अनेकदा पाहिलाय आणि त्यात सायकलवाला जिंकलेला पाहिलेला नाही. थोडी हवा ठेवा म्हणजे रिमला आधार राहील.

आकाशउडी

मी पॅराशूटनं उड्या मारते. माझी बॅग एक्स-रेखाली गेली की पडद्यावर काय दिसत असेल याची मला पूर्ण कल्पना आहे: कापडाचे थर, बकल, तारा, आणि मध्ये एक इलेक्ट्रॉनिक डबी. ती डबी म्हणजे ठरावीक उंचीवर राखीव पॅराशूट आपोआप उघडणारं यंत्र. त्यात दोरी तोडणारा छोटा स्फोटक कटर असतो.

यावर उपाय यंत्र बनवणाऱ्यांनीच काढलाय. यंत्राबरोबर एक कार्ड मिळतं, त्यावर अशाच बॅगेचा एक्स-रे छापलेला असतो आणि यंत्र काय आहे ते लिहिलेलं. पट्ट्यावर बॅग ठेवतानाच मी ते कार्ड अधिकाऱ्यांच्या हातात देते. ते पडद्याकडे बघतात, कार्डाकडे बघतात, आणि चेहरा सैल होतो. अमेरिकेत टीएसए सांगतं की पॅराशूट उघडून बघायची वेळ आली तर मालकानं तिथे हजर असलंच पाहिजे, आणि त्यासाठी अर्धा तास जास्त धरून या. हे मला फार योग्य वाटतं. घडी केलेलं राखीव पॅराशूट अनोळखी हातांनी उचकटलं तर ते जाणकाराकडून पुन्हा बांधून घेईपर्यंत मी उडी मारूच शकत नाही.

ताई, धनुष्यासाठी असं कार्ड तुम्ही स्वतः करू शकाल असं वाटतं.

रिकर्व्हची_आई

कार्डाची कल्पना डोक्यात घर करून बसली आहे. काउंटरपलीकडून, एक विचारते. चेक-इनला दिलेली पेटी आमच्या मागे उघडली जाते का? एका प्रवासात लिंब उलटेपालटे ठेवलेले सापडले होते.

काउंटरपलीकडून

हो, बऱ्याच ठिकाणी तुम्ही नसताना उघडतात. आणि हे बघा, उघडणाऱ्याच्या मनात तुमच्याबद्दल काही नसतं. त्यानं धनुष्य आयुष्यात कधी हातात धरलेलं नसतं. समोर पंधरा तुकडे, मागे पट्ट्यावर आणखी बॅगा. त्याला सगळं परत नीट ठेवायचं असतं, पण कसं ते कळत नाही. म्हणून अनोळखी माणसाला एका नजरेत कळेल अशी पेटी भरा. फोममध्ये प्रत्येक वस्तूच्या आकाराचा खाचा, म्हणजे ती दुसरीकडे बसणारच नाही. झाकणाच्या आतून भरलेल्या पेटीचा मोठा फोटो. खाली दोन ओळी: खेळ कुठला, पेटीत काय, कुणाला फोन करायचा. सुट्या पिशव्या, मोजे, टॉवेल त्या पेटीत कोंबू नका. पेटी जितकी गच्च तितकी परत बंद करायला अवघड, आणि मग ती जोर लावून बंद केली जाते. तुमचे लिंब तसेच उलटले असणार.

साइटचं काय केलंत? तक्रार नोंदवली का?

रिकर्व्हची_आई

नाही हो. स्पर्धेच्या गडबडीत परतीच्या दिवशी विचारलं, तोवर आठवडा उलटला होता.

कागदपत्रवाला

ताई, पुढच्या वेळी हे चुकवू नका. १९९९ च्या माँट्रियल करारात बसणाऱ्या आंतरराष्ट्रीय प्रवासात सामान खराब झालं तर ते मिळाल्यापासून ७ दिवसांत लेखी तक्रार द्यावी लागते, उशिरा मिळालं तर २१ दिवसांत. भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून प्रवाशामागे १,५१९ एसडीआर आहे. एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. सामान त्याहून महाग असेल तर चेक-इन करताना जादा मूल्य जाहीर करण्याची सोय करारातच आहे, त्याचा आकार भरावा लागतो. किंवा वेगळा विमा काढा.

पेटी पट्ट्यावरून उचलली की तिथेच उघडा, विमानतळ सोडण्याआधी. काही मोडलेलं दिसलं तर सामानाच्या काउंटरवर नोंद करून तिचा क्रमांक घ्या. निघताना पेटी बंद करण्याआधी काढलेला फोटो असेल तर तो फार कामाला येतो.

तीन_चाकी_शर्यत

सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंय म्हणून मीही लिहितो. मी व्हीलचेअर शर्यतीत धावतो. माझ्याकडे दोन खुर्च्या असतात. रोजची खुर्ची म्हणजे माझे पाय, ती विमानाच्या दारापर्यंत माझ्याबरोबर येते आणि बहुतेक कंपन्या तिचं भाडं घेत नाहीत. शर्यतीची तीनचाकी लांब खुर्ची मात्र बऱ्याच कंपन्या खेळाचं सामान धरतात. आरक्षण करताना दोन्हींची मापं, वजनं आणि फोटो वेगवेगळे पाठवतो. एकदा फक्त "व्हीलचेअर २" असं लिहिलं होतं, आणि रोजची खुर्ची शर्यतीच्या खुर्चीबरोबर थेट सामानाच्या पट्ट्यावर गेली. मी विमानाच्या दारात बसून होतो. आता रोजच्या खुर्चीच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय: ही विमानाच्या दाराशी परत द्या.

तपासणीत खुर्ची आणि हातमोजे पट्टीनं पुसून बघतात. शर्यतीच्या हातमोज्यांना राळ, चिकटपट्टी, काय काय लागलेलं असतं. ते मी आधी पुसून, वेगळ्या पिशवीत देतो.

काउंटरपलीकडून

दादा, त्या पाटीबद्दल आभार. हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवायला हवं होतं.

रिकर्व्हची_आई

मंडळी, कालच परत आलो. तुम्हा सगळ्यांना सांगितल्याशिवाय चैन पडेना.

महिनाभर आधी कंपनीला ईमेल केला. दोनदा आठवण करावी लागली, पण मंजुरी आली आणि काउंटरवरच्या मुलानं पडद्याकडे बघून नुसती मान हलवली. स्टॅबिलायझर, बाण, षटकोनी किल्ल्या सगळं पेटीत. किल्ल्यांचं मला आधी सुचलं नव्हतं, पण हत्यारांच्या लांबीची मर्यादा प्रत्येक ठिकाणी वेगळी आहे, तेव्हा तो प्रश्नच नको. हातात फक्त साइट, प्लंजर (बाणाला बाजूनं टेकू देणारं बटण) आणि टॅब (बोटांवर घालायचं चामडं), एका छोट्या पारदर्शक डबीत. सोबत एक जाड कार्ड: एका बाजूला लेक मैदानावर धनुष्य ताणून उभी आहे असा फोटो, त्यात साइटला लाल गोल केलेला, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत माहिती. ट्रेमध्ये डबी आणि वर कार्ड. अधिकारी बाईंनी कार्ड उचललं, फोटो पाहिला, लेकीकडे पाहिलं आणि विचारलं, "किती मीटर?" ती म्हणाली, सत्तर. बस्स, एवढंच.

पोचल्यावर पट्ट्याशेजारीच पेटी उघडली. आत तपासणीची चिठ्ठी होती, म्हणजे कुणीतरी उघडली होती. झाकणावरचा फोटो एका कोपऱ्यात थोडा निघाला होता, पुन्हा दाबून चिकटवलेला दिसत होता. रायझर फोटोतल्यासारखा, मूठ वरच्या बाजूला. लिंब आपापल्या खाचांत, वरचा वर आणि खालचा खाली. लेकीनं हॉटेलवर धनुष्य जोडलं, ब्रेस हाइट आणि टिलर, म्हणजे दोरीपासूनच्या अंतरांची जुळणीची मापं, मोजली. दोन्ही आकडे तिच्या वहीतल्याशी जुळले.